कथेतल्या बाईचं नाव 'उत्तम' ठेवलं तर चालेल का?

रावेरची_पोर: कथा लिहितेय. सावद्याकडची बाई, केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीची मुकादम, आणि तिचं नाव मला उत्तमच ठेवायचंय. उत्तमा नाही, उत्तमबाई नाही, नुसतं उत्तम. घरी वाचून दाखवलं तर मम्मी म्हणते हे तर माणसाचं नाव, लोकं गोंधळतील. बदलू का? दुसरं नाव तिला बसतच नाहीये.

अहिराणी_भो: नको बदलू ताई. बाई की बुवा हे मराठीत क्रियापद सांगतंच ना, नावाने कशाला सांगायचं. 'उत्तम आली' म्हटलं की मिटलं. अहिराणीत तर 'उना'चं 'उनी', एका वेलांटीत काम. आणि लपवायचं असेल तर तेही जमतं बरं का, 'उत्तमने घड उतरवला', 'उत्तमने शिवी दिली', इथे क्रियापद घड अन् शिवीच्या मागे जातं, उत्तमचं काहीच कळत नाही. 'उत्तम उद्या येईल' पण सेफ. फक्त होता-होती आलं की पकडले गेलात. मी एकदा पानभर असं लिहून पाहिलं, दोन परिच्छेदांत मलाच दम लागला.

शीतल_भुसावळ: मी पुरुष, नाव शीतल 😄 कुरियरवाला अजूनही म्हणतो मॅडमना फोन द्या. एका पत्रिकेवर तर सौ. छापून आलं होतं. पण किरण मोरे आणि किरण बेदी यांच्यात कोणी गोंधळलं का कधी? ज्योती बसू २३ वर्षं बंगालचे मुख्यमंत्री होते, आपल्याकडे ज्योती म्हटलं की पोरगीच डोळ्यासमोर येते. खरा प्रश्न वेगळाच आहे, मजूर तिला हाक काय मारतात? उत्तमभाऊ, उत्तमबाई, की आक्का?

रिटायर_मास्तरीण: किरण-शीतलचं सोडा, ती दोन्हीकडे चालतात. उत्तम सरळ पुरुषी नाव, वाचक कारण शोधणारच. फक्त 'वडलांना मुलगा हवा होता' हे कारण देऊ नकोस गं, फार वापरून झालंय. कारण दिलं नाहीस तरी चालेल. माझ्या आजोळी लेकरं जगत नसली की दगडू, धोंडू अशी नावं ठेवायचे, नजर लागू नये म्हणून. पण पोरगी झाली की दगडाबाई! तेवढ्या धास्तीतही 'बाई' चिकटवायला विसरले नाहीत.

रावेरची_पोर: शीतलभाऊ, हाकेचं डोक्यातच नव्हतं. मजूर तिला नुसतं 'मुकादम' म्हणतील. उत्तम फक्त तिची आई म्हणेल, तेही चिडली की.