मदत हवी आहे: भावाला लिंगाचा कॅन्सर, रिपोर्टमध्ये एचपीव्ही या विषाणूचा संशय. वहिनी आणि पुतण्याचं काय?

नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे, पण घरात मोकळेपणी बोलता येत नाही म्हणून इथे विचारतोय.

थोरला भाऊ, वय ५१. लिंगाची पुढची कातडी तरुणपणापासूनच मागे सरत नव्हती, डॉक्टर त्याला फायमोसिस म्हणतात. जोडीला तंबाखू. गेल्या वर्षी तिथून वास येणारा स्राव सुरू झाला. जवळच्या दवाखान्यात बुरशी म्हणून मलम दिलं आणि महिनोन्‌महिने मलमंच बदलत राहिली. शेवटी यूरॉलॉजिस्टनी कातडी चिरून पाहिलं, तर आत फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी वाढ. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर), पी१६ या प्रथिनाची चाचणी पॉझिटिव्ह. आता पार्शल पेनेक्टॉमी, म्हणजे लिंगाचा काही भाग काढून टाकण्याचं ऑपरेशन, ठरली आहे, जांघेतल्या गाठीही तपासणार आहेत.

पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे एचपीव्हीचा हात असण्याची दाट शक्यता, असं डॉक्टर म्हणाले. लिंगाच्या कॅन्सरपैकी साधारण निम्मे या विषाणूशी निगडित असतात, त्यात टाइप १६ सर्वांत पुढे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागेही मुख्यतः हाच १६ आणि त्याच्या जोडीला १८.

वहिनींनी रिपोर्ट वाचला आणि ‘हे आलं कुठून’ यावरून घर ढवळून निघालंय. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेकांना कधी ना कधी एचपीव्हीची लागण होते, बहुतेकदा ती आपोआप जाते, पण काहींत वर्षानुवर्षं गुपचूप राहते. त्यामुळे कुणाकडून, कधी, हे कुणीच सांगू शकत नाही. मी हे परोपरीनं समजावतोय. भाऊ मात्र मान खाली घालून बसतो, जेवतही नाही. त्याला गुन्हेगार ठरवलेलं मला बघवत नाही.

वहिनी ४६ वर्षांच्या, पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) आजवर कधीच केलेली नाही. ती करायचीच, पण एचपीव्ही डीएनए टेस्ट सोबत करून घ्यावी का? कुणी केली असेल तर साधारण खर्च किती आला?

पुतण्या १३ वर्षांचा. सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीवरची लस सर्व्हावॅक ९ ते २६ वयाच्या मुलग्यांसाठीही मंजूर आहे, १४ पर्यंत दोनच डोस. तरी आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, ‘ती मुलींची लस.’ आपल्या मुलाला कुणी दिली आहे का?

आणि भाऊ मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो: ऑपरेशननंतर उभं राहून लघवी करता येईल का? डॉक्टरांना विचारायला त्याची जीभ रेटत नाही. ज्यांच्या घरात हे ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया लिहा. उघडपणे लिहायला संकोच वाटत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, मी रोज बघतोय.