मदत हवी आहे: जुनं फंक्शन काढायचंय, युजर्सना आधी कसं कळवू?

पायथॉनची एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी एकटाच सांभाळतो. मागे एक फंक्शन काढलं, व्हर्जन २.० केलं, चेंजलॉगच्या (बदलांच्या नोंदीच्या) पहिल्याच ओळीत लिहिलं, आधीच्या दोन रिलीजमध्ये डेप्रिकेशनवॉर्निंगही (हे फंक्शन पुढे जाणार आहे अशी पायथॉनची सूचना) टाकली होती, तरी लोकांचे बिल्ड तुटले आणि इश्यूंचा ढीग लागला. मग कळलं की ही वॉर्निंग बाय डिफॉल्ट लपलेली असते, पायथॉन ३.७ पासून दिसते तीही थेट चालवलेल्या स्क्रिप्टमधल्या कोडसाठीच. फार वाईट वाटलं, त्यांची काहीच चूक नव्हती.

आता अजून एक काढायचंय. टेलिमेट्री (कोण काय वापरतं याची माहिती आपोआप गोळा करणं) टाकणार नाही. फ्यूचरवॉर्निंग ही दुसऱ्या प्रकारची वॉर्निंग बाय डिफॉल्ट दिसेल, पण ती माझ्या लायब्ररीवर बांधलेल्या टूल्सच्या युजर्सनाही दिसणार, आणि ते बिचारे काय करणार? कुणी हे केलंय का, किती रिलीज आधी सुरू केलं आणि वॉर्निंगमध्ये नेमकं काय लिहिलं?