मदत हवी आहे: मराठी स्यूडोकोडसाठी कोणती पद्धत धरावी?

नमस्कार मंडळी,

जळगावच्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला अल्गोरिदम शिकवते. वर्गात रावेर-यावलकडची लेवा गणबोली बोलणारी मुलं आहेत, तशी साक्री-शिरपूरकडची, घरी अहिराणी बोलणारीही. पुस्तकं इंग्रजी, प्रात्यक्षिक सी भाषेत. दोन्हींच्या मध्ये आधार म्हणून स्यूडोकोड (प्रोग्रामच्या पायऱ्या साध्या भाषेत) मराठीत द्यायचं ठरवलं आणि तिथेच अडकले.

गेल्या आठवड्यात बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधलं तपासून अर्धी यादी सोडत शोधणं) घेतला. केळीच्या घडांची वजनं चढत्या क्रमाने: ७, ९, १२, १४, १८, २१, २५ किलो. त्यात १८ शोधायचे. फळ्यावर लिहिलं, ‘डावे उजव्याच्या पुढे जाईपर्यंत मधला घड तपास’ (डावे, उजवे म्हणजे शोधायच्या उरलेल्या भागाची दोन टोकं). वहीत सगळ्यांनी बरोबर चालवलं: आधी १४, मग २१, मग १८, तिसऱ्या तपासणीत सापडला. लॅबमध्ये मात्र बऱ्याच मुलांनी व्हाइलच्या (अट खरी असेतोवर ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या लूपच्या) कंसात ‘डावे > उजवे’ लिहिलं. ही अट सुरुवातीलाच खोटी, त्यामुळे लूप एकदाही फिरला नाही आणि कुठलंही वजन द्या, उत्तर ‘सापडले नाही’. मुलांनी माझंच वाक्य इमानाने उतरवलं होतं. हे मनाला फार लागलंय.

शिवाय व्हेरिएबलमध्ये किंमत ठेवायला बाण वापरू, ‘:=’ की सीसारखं नुसतं ‘=’? आणि ब्लॉक (एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट) फक्त समास सोडून दाखवला, तर वहीचं पान उलटताना कोणती ओळ कशाच्या आत आहे ते हरवतं. तुम्ही काय करता?

प्रतिसाद १

ताई, गोम ‘पर्यंत’मध्ये आहे. ‘जाईपर्यंत’ लूप कधी थांबवायचा ते सांगतं, व्हाइलला तो कधी चालू ठेवायचा ते हवं असतं. अट वर तपासायची असेल तर एकच साचा ठेवा:

जोपर्यंत डावे ≤ उजवे आहे, तोपर्यंत
　मधले := (डावे + उजवे) / २ चा पूर्णांक भाग
　…
जोपर्यंत-समाप्त

‘होईपर्यंत’ राखून ठेवा पास्कल भाषेतल्या रिपीट-अनटिलसारख्या लूपसाठी. तिथे अट शेवटी येते, आतलं काम एकदा तरी होतंच आणि अट खरी झाली की लूप थांबतो. सीचा डू-व्हाइल याच्या उलट, अट खरी आहे तोवर चालतो. त्यात उतरवताना अट उलटी करावी लागते, हे वर्गात मुद्दाम करून दाखवा.

‘:=’ घ्या. अल्गोल ५८ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेपासूनची रीत आहे, पास्कलमध्येही तीच, आणि बाणापेक्षा टाइप करायला सोपी. मग ‘=’ गणितातल्यासारखं फक्त तुलनेला उरतं. समास सोडाच, पण शेवटी ब्लॉकचं नाव घेऊन ‘समाप्त’ लिहा. पान उलटलं तरी कळतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. ‘जोपर्यंत’चा साचा सोमवारी फळ्यावर लिहून पुसणारच नाही. हेच उदाहरण त्यात पुन्हा चालवून घेते, या वेळी यादीत नसलेलं १५ शोधायला देऊन.

एक अडचण राहिली. रिटर्नला (फंक्शनने उत्तर देऊन संपणं) मी ‘परत दे’ लिहिते. दोन मुलींनी त्याचा अर्थ ‘पुन्हा दे’ असा घेतला आणि छापायची ओळ लूपमध्ये टाकली. ‘उत्तर देऊन थांब’ कसं वाटतं? की ‘थांब’ म्हटल्यावर ब्रेकशी (लूपमधून मध्येच बाहेर पडण्याशी) गोंधळ होईल?