३६० आसनांच्या सभागृहासाठी नवी ध्वनी आणि प्रकाश यंत्रणा: आधी काय घ्यावे?

नेरुळचा_कार्यवाह

नमस्कार. नेरुळमध्ये आमच्या सांस्कृतिक मंडळाचे ३६० आसनांचे सभागृह आहे. वर्षभर तिथे हौशी संस्थांचे नाट्यप्रयोग, सुगम संगीत, नृत्याचे कार्यक्रम आणि शाळांची स्नेहसंमेलने होतात. सध्या रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना १५ इंची स्पीकरची एकेक पेटी, २४ चॅनेलचा ॲनालॉग मिक्सर, चार कॉर्डलेस माईक आणि १००० वॅटचे २४ पार कॅन (डब्यासारखे हॅलोजन दिवे) एवढाच संसार आहे आणि तो १५ वर्षांपूर्वीचा आहे.

पुढच्या रांगांत संवाद नीट ऐकू येतात, पण बाल्कनीखालच्या शेवटच्या चार रांगांत "काय म्हणाला?" अशी कुजबुज सुरू होते. ऑपरेटर आवाज वाढवायला गेला की माईक शिट्टी मारतो. कॉर्डलेस माईक अलीकडे ऐन वाक्यात तुटतात आणि दिवे हळूहळू चढवले की स्पीकरमधून गुरगुर येते.

देणग्यांतून १८ लाख रुपये जमले आहेत. एका विक्रेत्याने प्रत्येक बाजूला सहा पेट्यांचा लाईन ॲरे (एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरची रांग), दोन सबवूफर (खर्ज वाजवणारे स्पीकर), आठ बीम मूव्हिंग हेड (अरुंद झोताचे फिरणारे दिवे) आणि ४ मीटर रुंद, अडीच मीटर उंच एलईडी वॉल असे दरपत्रक दिले आहे. "हल्ली सगळीकडे हेच लावतात," एवढेच त्याचे स्पष्टीकरण आहे. सभागृह २२ मीटर लांब, १५ मीटर रुंद असून छत साडेसहा मीटरवर आहे आणि मागची भिंत साध्या गिलाव्याची आहे. या पैशांत प्राधान्य कशाला द्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ठाण्याचा_साउंडवाला

दरपत्रक क्षणभर बाजूला ठेवा. सभागृह रिकामे असताना रंगमंचाच्या पुढच्या कडेला उभे राहून एकच टाळी वाजवा. मागची भिंत २२ मीटरवर असेल, तर ध्वनी तिथवर जाऊन परत यायला साधारण १२७ मिलिसेकंद घेतो आणि तुम्हाला ती वेगळी दुसरी टाळी म्हणून ऐकू येते. तीच भिंत प्रयोगाच्या वेळी स्पीकरचा आवाज माईककडे परत पाठवत असते. त्या भिंतीवर ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज तंतूंची गादी), मागे थोडी पोकळी आणि पुढे कापड असे पॅनेल बसवले, तर शब्द जेवढे सुटे होतील तेवढे ते कुठल्याही नव्या पेटीने होणार नाहीत. दुर्दैवाने रॉकवूलचे उद्घाटन कोणी करत नाही, म्हणून ते नेहमी यादीत शेवटी राहते.

लाईन ॲरेबद्दल माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. छोट्या सहा पेट्यांची रांग जेमतेम दीड मीटर उंच होते. दीड मीटर ही साधारण २३० हर्ट्‌झची तरंगलांबी, म्हणजे त्याखालच्या आवाजावर त्या रांगेचा फारसा ताबा राहत नाही आणि तो साध्या पेटीसारखाच चारी दिशांना पसरतो. पुरुषी आवाजाचा भरदारपणा नेमका तिथेच असतो. शिवाय छताजवळ टांगलेल्या पेट्यांची बाल्कनीखालच्या रांगांशी थेट नजरभेटच होणार नाही, त्यामुळे ज्या चार रांगांसाठी हा खटाटोप चालला आहे, त्या कोरड्याच राहतील.

तुमच्या खोलीला पुढे दोन चांगल्या पॉइंट सोर्स (रांग न करता एकट्याने वाजणाऱ्या) पेट्या, रंगमंचाच्या काठावर पहिल्या दोन रांगांसाठी छोटे फ्रंट फिल स्पीकर आणि बाल्कनीच्या पोटाला चार लहान डिले (मुद्दाम किंचित उशिरा वाजणारे) स्पीकर पुरतील. मुख्य पेटीपासून डिले स्पीकर १४ मीटरवर असेल, तर वातानुकूलित हवेत तेवढ्या अंतराला सुमारे ४० मिलिसेकंद लागतात. डिले स्पीकरला ५० ते ५५ मिलिसेकंदांचा उशीर द्यावा. आधी कानावर पडलेल्या आवाजाची दिशा मेंदू खरी मानतो, त्यामुळे शब्द डोक्यावरच्या स्पीकरमधून स्पष्ट होत असले, तरी नट रंगमंचावरूनच बोलतो आहे असे प्रेक्षकाला वाटत राहते. डिलेचा आवाज मात्र बेताचा ठेवायचा. "इथे स्पीकर आहे" हे बाल्कनीखालच्या प्रेक्षकाला कळले, तर तो जास्त झाला असे समजावे.

मिक्सर डिजिटल घ्या, त्याबद्दल दुमत नसावे. दुपारी नाटक आणि संध्याकाळी वाद्यवृंद असला की साठवलेली मांडणी एका बटणावर परत येते आणि जाडजूड मल्टिकोअरऐवजी (अनेक तारांच्या केबलऐवजी) स्टेजबॉक्सपर्यंत (रंगमंचावरच्या माईक जोडायच्या पेटीपर्यंत) नेटवर्कची एक केबल पुरते. बेहरिंगरचा एक्स३२ हा २०१२ पासून बाजारात असल्यामुळे तो हाताळलेला ऑपरेटर सहज मिळतो. यामाहाचा डीएम३ नवा आणि आटोपशीर आहे, पण त्याला माईकची तोंडे १६ आहेत. तुमच्या नाटकांना ती भरपूर होतील, वाद्यवृंदाला अपुरी पडतील.

कॉर्डलेस माईकच्या मागच्या बाजूला छापलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा वाचून इथे लिहा. ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी विकला गेला असून त्यावर आता ५जी चालते. तुमचे माईक त्या पट्ट्यात असतील, तर त्यांची दुरुस्ती करून उपयोग नाही. नवे घेताना चारही माईकच्या फ्रिक्वेन्सी समान अंतरावर ठेवू नका. ६०० आणि ६०१ मेगाहर्ट्‌झवर दोन माईक सुरू असले, तर त्यांच्या मिश्रणातून ५९९ आणि ६०२ वर भुते उभी राहतात आणि तिसरा माईक नेमका तिथेच असला, तर तो बिचारा विनाकारण बदनाम होतो.

विंगेतून_प्रकाश

प्रकाशाबद्दल लिहितो. २४ पार कॅन म्हणजे २४ किलोवॅट, तीन फेजवर वाटले तर प्रत्येकी सुमारे ३५ अँपिअर आणि वर त्या उष्णतेशी झगडणारा एसी. त्यामुळे एलईडीकडे जाणे योग्यच आहे, परंतु बीम मूव्हिंग हेडने सुरुवात करणे म्हणजे भाकरीच्या आधी पापडाची सोय करणे होय. बीमने हवेत रेघा सुंदर दिसतात, पण नटाचा चेहरा त्याने उजळत नाही.

चेहऱ्यासाठी उबदार पांढऱ्या प्रकाशाचे, साधारण ३२०० केल्विनचे आणि रंगप्रत्यय निर्देशांक (रंग किती खरे दिसतात याचे माप) ९० च्या वर असलेले फ्रेनेल (मऊ कडांच्या झोताचे) आणि प्रोफाइल (रेखीव कडांच्या झोताचे) दिवे घ्या. फक्त लाल, हिरवा आणि निळा मिसळून केलेला पिवळा डोळ्यांना पिवळाच दिसतो, पण त्यात मधल्या छटा नसतात. मागे एका संगीत नाटकाच्या रंगीत तालमीत अशाच दिव्यांखाली नायिकेचा हळदी रंगाचा शालू मातकट दिसू लागला आणि तोंडावरचा मेकअप आजारी वाटू लागला. वेशभूषाकाराने अर्धा तास रंगभूषाकाराला बोल लावला, दोष मात्र माझ्या दिव्यांचा होता. त्या दिवसापासून एक साडी आणि एक मेकअप केलेला चेहरा समोर असल्याशिवाय मी दिवा पसंत करत नाही.

आणखी दोन चाचण्या तिथेच करून घ्या. फेडर (प्रखरतेची सरकपट्टी) शंभरावरून शून्यावर वीस सेकंदांत आणा. शेवटच्या पाच टक्क्यांत दिवा पायऱ्या उतरल्यासारखा विझत असेल, तर मावळतीचा प्रसंग त्या दिव्यावर कधीच होणार नाही. मग एसी बंद करून सगळे दिवे पूर्ण प्रखरतेवर दहा मिनिटे ठेवा आणि पहिल्या रांगेत शांत बसा. प्रदर्शनाच्या गोंगाटात पंख्याचा आवाज कोणालाच जाणवत नाही, पण स्वगताच्या वेळी बारा पंखे मिळून चांगलाच समूहस्वर लावतात. आठ-दहा जुने पार कॅन आणि त्यांचे डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारी यंत्रे) राहू द्या. हॅलोजन मंदावताना जो तांबूस होत जातो, त्याची नक्कल सगळ्याच एलईडींना जमत नाही.

डीएमएक्सच्या (कन्सोलकडून दिव्यांना आज्ञा नेणाऱ्या) जोडणीसाठी माईकची केबल वापरू देऊ नका. एका साखळीवर ३२ हून अधिक उपकरणे नकोत आणि शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (टोकाचा रोध) हवाच. दिवे अंगात आल्यासारखे लुकलुकायला लागले की लोक कन्सोलला शिव्या देतात. बहुतेक वेळा चूक या दहा-वीस रुपयांच्या रोधात सापडते.

लोखंड_आणि_वायर

दिवे कशाला टांगणार आहात, हे कोणीच विचारलेले नाही. एलईडी वॉलचे अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचे कॅबिनेट साधारण आठ किलोचे असते, तुमच्या आकाराला अशी ४० लागतील, म्हणजे फ्रेम सोडून ३२० किलो. मूव्हिंग हेड थांबता-वळता पाइपला झटके देतो, ते वेगळेच. सध्याचे पाइप स्लॅबला आहेत की फॉल्स सीलिंगच्या सांगाड्याला, हे संरचना अभियंत्याकडून लेखी घेतल्याशिवाय एकही नवा क्लँप कसू नये. प्रत्येक दिव्याला क्लँपखेरीज सुरक्षेची तार स्वतंत्र हवी.

गुरगुरीबद्दल सांगायचे तर डिमर विजेची लहर मध्येच कापतो आणि तो खडखडाट त्याच फेजवरच्या आणि त्याच अर्थिंगवरच्या ध्वनियंत्रणेत शिरतो. ध्वनीला वेगळी फेज आणि वेगळी केबल द्या, माईकच्या तारा डिमरच्या तारांशेजारून नेऊ नका. काही जण अर्थची पिन काढून गुरगुर घालवतात. कृपा करून ते करू नका, कारण पुढचा माईक हातात धरणारा माणूसच मग अर्थ बनतो.

वाशीचा_भाडेवाला

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. शाळांची स्नेहसंमेलने हेच तुमच्या सभागृहाचे उत्पन्न असणार आणि पालकांना मूव्हिंग हेड हवेच असतात, म्हणून "बीम नकोच" हे मला पटत नाही. मात्र ते विकत न घेता त्या दिवसापुरते भाड्याने आणता येतात, एलईडी वॉलही तशीच. माझा त्यात धंदा आहे हे उघड आहे, तरीही हिशेब तुम्हीच करून पाहा. त्याऐवजी विंगेत ६३ अँपिअरचे थ्री फेज सॉकेट आणि मागच्या दाराशी टेम्पो लागेल असा उतार करून द्या. बाहेरून येणाऱ्या संस्था तुमच्या वायरिंगमध्ये नागड्या तारा खुपसणे त्याच दिवशी थांबवतील.

नेरुळचा_कार्यवाह

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी सकाळी टाळीची चाचणी केली. दुसरी टाळी इतकी स्वच्छ ऐकू आली की आमचे खजिनदार "मागे कोण आहे?" म्हणून वळून पाहू लागले. माईकच्या पाठीवर ७१० ते ७४० मेगाहर्ट्‌झ असे छापलेले आहे. ध्वनीच्या रॅकची वायर शोधत गेलो, तेव्हा ती डिमरच्याच बोर्डावर, दुसऱ्या क्रमांकाच्या डिमरशेजारच्या प्लगमध्ये निघाली. इलेक्ट्रिशियनने तात्पुरती वेगळ्या फेजवरून वायर ओढून दिली आणि दिवे शून्यापासून शंभरापर्यंत चढवले, तर गुरगुर जवळजवळ नाहीशी झाली. एवढ्या वर्षांत हे कोणीच पाहिले नव्हते, याची थोडी लाज वाटली.

संरचना अभियंता बुधवारी पाइप पाहायला येत आहेत. विक्रेत्याच्या दरपत्रकातील लाईन ॲरे, बीम आणि वॉल या तिन्ही ओळींवर काट मारली आहे. दिवे सभागृहात आणून दाखवण्याची अट घातल्यावर तो जरा नाराज झाला, पण शनिवारी यायला तयार आहे. हळदी रंगाची साडी घरून मिळाली आहे.