जी.आय.पी. रेल्वे व्हॉलंटियर: ओळख बिल्ल्यावरून की दप्तरावरून?

भुसावळकर: ब्रिटिश काळी जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरांची स्वयंसेवी सैनिकांची, म्हणजे व्हॉलंटियरांची, पलटण होती. तिचा माणूस ओळखायचा कसा? खांद्यावरचा पितळी बिल्ला, अक्षरं 'जी.आय.पी.आर.व्ही.'. माझ्या मते एवढ्यावरून पलटण ठरते. शेवटचा 'व्ही' व्हॉलंटियरचा. 1917 साली या पलटणी इंडियन डिफेन्स फोर्समध्ये गेल्या, 1920 मध्ये ऑक्झिलरी फोर्समध्ये. 'व्हॉलंटियर' शब्द 1917 मध्येच गळला, म्हणजे बिल्ला 1917 पूर्वीचा. जोडीला मुकुटाचं बटण असेल तर आणखी सोपं: व्हिक्टोरियाच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खोलगट, 1901 नंतरच्या घुमटासारख्या गोल.

दप्तरी: साफ असहमत. यावरून वस्तू कधीची ते कळेल, ती कोणी लावली ते नाही. जुना माल संपेपर्यंत वापरात राही. आणि बटणावर नुसतं 'जी.आय.पी.आर.' असेल तर ते गार्डाच्या कोटाचंही असू शकतं, कंपनीचा गणवेश होताच. 'व्ही' दिसत नसेल तर पलटणीचं नाव घेऊच नये.

धातूपारखी: त्याआधी बिल्ला खरा का ते बघा. ओतीव दिसला की लोक नकली म्हणतात, हे चूक. इथल्या कारागिरांनी वाळूच्या साच्यात ओतलेले अस्सल बिल्लेही आहेत. मागून बघा: डाग दिलेल्या कड्या, त्यात दुपेडी पिन. कडीभोवतीचा डाग चकचकीत आणि बाकी पितळ काळपट असेल तर कडी नंतर बसवलेली. अस्सलावरून साचा काढलेली नक्कल आकसते. अस्सलाशेजारी ठेवून व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाचं मोजयंत्र, लावा, लांबी थोडी कमी भरते आणि अक्षरांच्या कडा बोथट दिसतात.

दप्तरी: हे मान्य. पण माणूस सापडायचा तर कागदच. आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे लष्कराच्या छापील यादीत, व्हॉलंटियर पलटणी सापडतात, पण नावं फक्त अधिकाऱ्यांची. साधा शिपाई हवा असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या) दप्तरातल्या मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदी, दप्तर क्रमांक एन/3, काढा. बाप्तिस्मा, लग्न यांत बापाचा किंवा नवऱ्याचा हुद्दा मिळतो. पलटणीत भरणा गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन रेल्वे नोकरांचा, म्हणून 'फायरमन, इगतपुरी' अशा नोंदीपासून शोध सुरू करायचा.

भुसावळकर: मग पदकाचं काय? व्हॉलंटियर फोर्सचं दीर्घसेवा पदक, 20 वर्षांच्या सेवेचं, हिंदुस्थानसाठी 1896 पासून. त्याच्या कडेवर हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. धातू आणि माणूस एकाच जागी.

धातूपारखी: कडेवरचं नाव घासून दुसरं कोरतात. 36 मिलिमीटरचं पदक व्हर्निअरमध्ये फिरवत चार ठिकाणी व्यास मोजा. नाव आहे तिथेच कमी भरला, तर ते नाव धरू नका.