अंगवळणी पडलेलं आपलं म्हणायचं का?

(बेळगाव भागातल्या मंडळींची गटावरची चर्चा. बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचं गाव किंवा वस्ती दिली आहे.)

खानापूर : नमस्कार मंडळी. शाळेत दहावीच्या मुलींशी 'आपल्यावर लादलेलं किती आणि आपलं स्वतःचं किती' यावर एक तास बोलायचं आहे. मानसशास्त्राच्या पुस्तकांत कंडिशनिंगला, म्हणजे बाहेरून सवय जडवण्याला, 'अभिसंधान' म्हणतात. ते फळ्यावर लिहिलं तर पोरींना वाटेल बाई आता संधी सोडवायला लावणार. म्हणून 'अंगवळणी पडणे' वापरावं म्हणते. सासूबाईंपाशी बोलले तर त्या म्हणाल्या, "अंगवळणी पडलं की आपलंच झालं की ते. मग लादलेलं कसं गं?" तिथंच अडकले. अंगवळणी पडलेलं आपलं, की बाहेरचं?

टिळकवाडी : बाई, 'अभिसंधान' पाव्लॉव्हच्या कुत्र्याला ठीक आहे, त्या शास्त्रज्ञाने त्याला आवाज ऐकला की लाळ गाळायची सवय लावली होती. माणसाला 'वळण'च बरं. पण हा शब्द फसवा आहे, सांभाळून वापरा. अक्षराला वळण मास्तर लावतात, मुलीला घरचे लावतात, आणि 'पोरगी आजीच्या वळणावर गेली' म्हणतो तेव्हा कुणीच काही लावलेलं नसतं, ते रक्तातनं आलेलं असतं. लादलेलं आणि उपजत, दोन्ही एकाच शब्दात.

फरक शोधायचा तर क्रियापदात शोधा. 'वळण लावणे' म्हटलं की कोणी लावलं हे सांगावं लागतं. 'अंगवळणी पडणे' म्हटलं की लावणारा वाक्यातून गुपचूप बाहेर पडतो. पदर सावरून बसायला कोणीतरी शिकवलं, बसली नाही तर कोणीतरी डोळे वटारले. दहा वर्षांनी वाक्य उरतं ते एवढंच : 'पडलंय आता अंगवळणी.' सासूबाईंचं म्हणणं व्याकरणाने अगदी बरोबर आहे, आणि मुलींनी सावध व्हायचं ते इथंच.

चिकोडी : 'वळणाचं पाणी वळणावर जायचं' ही म्हण राहिली की. मूळ स्वभाव सुटत नाही याला आमच्याकडे हेच म्हणतात.

टिळकवाडी : म्हणा, पण खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीत उभं राहून म्हणू नका. तिथला कळसा नाला म्हादई नदीला मिळतो, आणि त्याचं पाणी मलप्रभा नदीत वळवायचं म्हणून कर्नाटक-गोव्याचं भांडण किती वर्षं चाललंय. तिथं पाण्याचं वळण कुठलं हे लवादाला विचारावं लागतं.

चिकोडी : बरं, मग 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' घ्या. ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो : मूळचाच तसा, बदलायचा नाही. पण पीळ मूळचा असतो कुठं? आमच्या आजोबांना अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, वळून दोर करताना बघितलंय. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचे, तळहातांनी पीळ देत जायचे, हात सोडला की उलगडायला लागायचा. दोन पेड उलट्या पिळाने एकत्र आणले की मग ठरायचा. पीळ हाताने घातलेला, आणि म्हण त्यालाच स्वभाव म्हणते! आता 'सगळे थर काढून आतला खरा मी शोधा' म्हणणाऱ्यांना माझा सवाल : दोराचा सगळा पीळ काढला तर हातात काय येणार? वाख. 'खरा दोर' नाही येत.

अनगोळ : सर, हे पटलं नाही. मग नकोसा पीळही आपलाच समजून गप्प बसायचं का?

चिकोडी : गप्प का? उलगडून दुसरा पीळ घाला. फक्त आत कुठंतरी तयार माल ठेवलाय असं समजू नका.

निपाणी : मी जरा वेगळं सांगते. आमच्यात पोरी 'मी आलो, मी जेवलो' असंच म्हणत्यात. समोरचीला 'आलीस', तिसरीला 'आली', फक्त 'मी'ला 'आलो'. कोल्हापूरकडंही हेच. पुण्याला शिकायला गेले तर हॉस्टेलवर हशा. 'तू मुलगा आहेस का?' महिनाभरात 'आले, गेले' करायला शिकले. सुट्टीला घरी आले तर आई म्हणाली, "आले काय म्हणतीस, पुण्याची झालीस व्हय?"

आता सांगा, यातलं माझं कुठलं? 'आलो' मी निवडलं नव्हतं, ते गल्लीतनं आलं. 'आले' निवडलं, पण हसण्याच्या भीतीनं. आजकाल ऑफिसात 'आले' आणि आईशी फोनवर 'दमलो गं लई'. दोन्ही आपोआप येतं. एका मैत्रिणीनं याला सोंग म्हटलं. मला नाही पटत. सोंग घेणाऱ्याला उतरवायचं कधी हे ठाऊक असतं. मला कुठलं उतरवायचं तेच कळत नाही.

टिळकवाडी : अक्का, तुमचं पोस्ट बाईंनी वर्गात वाचून दाखवावं.

वडगाव : 'संस्कार' शब्द कुणी काढलाच नाही! सोळा संस्कार, संस्कारी मुलगी वगैरे.

टिळकवाडी : मुद्दामच टाळत होतो, हल्ली त्याचा वापर टोमणा मारायलाच जास्त. पण मूळ अर्थ कामाचा आहे. चरकसंहितेत 'संस्कारो हि गुणान्तराधानम्' असं आहे, म्हणजे द्रव्यात मूळचा नव्हता तो गुण घालणं. तिथं तो 'स्वाभाविक'च्या समोर उभा आहे. योगशास्त्रात संस्कार म्हणजे चित्तावर उरलेला ठसा, आणि साधकाला शेवटी त्याचाही निरोध करायचा असतो. घरात 'संस्कार जप हं' म्हणून सांगतात तोच शब्द तिकडे ओलांडून जायची गोष्ट आहे. मुलींना हे सांगितलं तर आवडेल, पालकांचं माहीत नाही.

शहापूर : माझी आई कन्नड घरातली, वडील मराठी. तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं एक वाक्य इथं ठेवतो : 'रूढि आयितु.' अर्थ, सवय झाली, अंगवळणी पडलं. मराठीत रूढी म्हणजे समाजाची चालरीत, जिच्याविरुद्ध सुधारकांनी लेख लिहिले. कन्नडात तीच रूढि एका माणसाच्या हाताची सवय : पहाटे उठायची रूढि, चहाची रूढि. शब्द एकच, संस्कृतातला. इकडं गावाचा, तिकडं अंगाचा. आमच्या घरात दोन्ही अर्थ एकाच ताटात जेवतात. म्हणून मला हे 'समाज बाहेर, मी आत' असं चित्र कधी नीट बसलंच नाही.

आणि १ नोव्हेंबरचं वेगळं सांगायला नको. एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडं बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा मराठी माणसांचा काळा दिवस. १९५६ पासून चालत आलंय. लहानपणी दोन्हीकडचे विचारायचे, तू आमचा ना? मी दोघांना होय म्हणायचो. खोटं बोललो असं आजही वाटत नाही.

अनगोळ : 'रूढि'चं माहीत नव्हतं. रोज कानावर पडतं आणि लक्ष नाही.

खानापूर : सगळ्यांचे आभार. तास असा घ्यायचा ठरवतेय : प्रत्येकीने 'मला अमुक अंगवळणी पडलं' असं एक वाक्य लिहायचं, मग तेच 'अमुक माणसाने मला वळण लावलं' असं फिरवायचं. हरवलेला कर्ता सापडतो का बघू. 'अंगवळणी पाडणे' असा प्रयोग चालतो का हो काका?

टिळकवाडी : चालतो, 'अंगवळणी पाडून घेतलं' असा जास्त. तिसरं वाक्य तेही लिहून घ्या, त्यात कर्ता मुलगीच असते. काहींना लिहायला काही सुचणार नाही, त्यांना घाई करू नका.