मदत हवी आहे: रिक्लेमरच्या सांगाड्यासाठी अलाउएबल स्ट्रेस की लिमिट स्टेट?

नमस्कार मंडळी,

प्रश्न किचकट आहे आणि आकड्यांशिवाय विचारता येणार नाही, तेव्हा सांभाळून घ्या. स्टॅकर-रिक्लेमर (माल ढिगात रचणारं आणि ढिगातून उचलणारं), शिपलोडर (जहाजात माल भरणारं) असली धूड यंत्रं ज्यांनी डिझाइन केलीत किंवा तपासलीत त्यांनी जरूर लिहावं. ‘नीट वापरल्या तर दोन्ही पद्धती सुरक्षितच’ हे उत्तर ऑफिसात फुकट मिळालंय.

एका बकेट व्हील रिक्लेमरची गणितं तपासतोय. मूळ डिझाइन आयएसओ ५०४९-१ (१९९४) या असल्या यंत्रांच्या कोडप्रमाणे, अलाउएबल स्ट्रेसने केलेलं, म्हणजे भार आहेत तसे धरून ताण एका मर्यादेखाली ठेवायचा. पहिल्या लोड केसमध्ये नेहमीचे भार, दुसऱ्यात त्यात कामाच्या वेळचा वारा वगैरेंची भर, तिसऱ्यात विशेष भार. यील्डला (ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकायला लागतं) अनुक्रमे १.५, १.३३ आणि १.२ ने भागायचं. यील्ड ३५५ धरलं तर मर्यादा २३७, २६७ आणि २९६ मेगापास्कल. आता फर्मान आलंय की हेच सगळं युरोकोडच्या (युरोपातले बांधकामाचे कोड) लिमिट स्टेटने, म्हणजे भारच फॅक्टरने वाढवून, पुन्हा करून दाखवा.

बूमची (यंत्राचा पुढचा लांब हात) खालची कॉर्ड, म्हणजे लांबीभरचा मुख्य दांडा, घेतली. स्वतःच्या वजनाचा ताण १२० मेगापास्कल, बेल्टवरचा माल आणि खोदकामाचा जोर मिळून ८०. बेरीज २००, भागिले २३७, म्हणजे ०.८४. लिमिट स्टेटने १.३५ गुणिले १२० आणि १.५ गुणिले ८०, एकूण २८२, भागिले ३५५, म्हणजे ०.७९. वजनाचा वाटा मोठा असल्यामुळे नवी पद्धत उलट जरा सैल निघाली. इथवर तक्रार नाही.

घोळ टॉवरच्या तळाशी, स्ल्यू बेअरिंगच्या (ज्यावर वरचं यंत्र फिरतं) वर आहे. तिथे पुढून बूम ओढतो, मागून काउंटरवेट (तोल राखणारं वजन), आणि हाती उरते फक्त वजाबाकी. समजायला सोपे आकडे घेतो: बूमचा मोमेंट (वजन गुणिले अंतर) १२,००० किलोन्यूटन-मीटर, काउंटरवेटचा ११,०००, निव्वळ १,०००.

दोन्ही बाजूंना १.३५ लावलं तर १,३५०. बूमला १.३५ आणि काउंटरवेटला १.० लावलं तर ५,२००. पलटी होण्याच्या तपासणीतले १.१० आणि ०.९० वापरले तर ३,३००. पोलाद तेच, यंत्र तेच, आणि उत्तर जवळजवळ चौपट इकडे-तिकडे! पहिल्या आकड्याने टॉवर आरामात बसतो, दुसऱ्याने प्लेटची जाडी बदलावी लागेल.

बरं, जुन्या पद्धतीवरही माझा फार विश्वास उरलेला नाही. बूम ५ टक्के जड निघाला (वॉकवे, केबल ट्रे, रंग, वेल्ड, माल खाली सोडणाऱ्या शूटला चिकटलेला माल, जड निघतोच) तर निव्वळ मोमेंट १,००० चा १,६०० होतो. साठ टक्के वाढ! १.५ चा फॅक्टर तिथेच खलास.

तर यातला कोणता आकडा धरायचा? आणि लोड केस मशीनच्या कोडमधून, फॅक्टर इमारतींच्या कोडमधून, अशी खिचडी चालते का?

प्रतिसाद १

खिचडीबद्दल आधी. कोणत्या घटना एकत्र धरायच्या, हे मशीनच्याच कोडमधून घ्यावं लागतं. व्हील ढिगात गाडलं जाणं, शूट तुंबून माल बेल्टभर साचणं, रुळावरची चाल (ट्रॅव्हल) अडकणं, हे इमारतीच्या कोडला माहीतच नाही. ऑस्ट्रेलियाच्या एएस ४३२४.१ मध्ये असल्या प्रसंगांचा चांगला तपशील आहे. त्यानंतर फॅक्टर एकाच घरचे वापरा. दोन्हीकडचे लावलेत तर कुठे दुप्पट सुरक्षा होते, कुठे काहीच उरत नाही, आणि ते रिपोर्टमध्ये दिसतही नाही.

टॉवरबद्दल: १,३५० विसरा. परिणाम वजनातल्या स्थानिक फरकाला फार संवेदनशील असेल तर अनुकूल आणि प्रतिकूल वाटा वेगळे धरा, असं ईएन १९९० (युरोकोडचा पायाभूत भाग) मध्येच आहे. तुमचा टॉवर म्हणजे त्याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण.

वजनं प्रत्यक्ष मोजलेली आहेत का?

धागाकर्ता

काउंटरवेटचे ब्लॉक काट्यावर तोललेले आहेत. बूमचं वजन मात्र निव्वळ ड्रॉइंगवरून.

प्रतिसाद १

मग दोघांना सारखंच अनिश्चित का मानताय? मी असं करतो: बूमचं वजन ५ टक्के वाढवून आणि वेगळ्या रनमध्ये तेवढंच घटवून घ्यायचं, काउंटरवेट तोललेलं तेच ठेवायचं, आणि मग निव्वळ मोमेंटला फॅक्टर लावायचा. तुमच्या आकड्यांत १,६०० गुणिले १.३५, म्हणजे २,१६०. हे कोडमधलं सूत्र नाही, माझा व्यवहार आहे; समोरच्याकडून लेखी मान्य करून घ्या. घटवलेली केस टाळू नका. बूम पुरेसा हलका निघाला तर टॉवर मागे वाकू शकतो आणि तिथलं वेल्ड कुणी तपासलेलं नसतं.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक भर घालतो. बोगी (रुळावरच्या चाकांचा संच) उचलली जाणं आणि स्टे (बूमला ओढून धरणारे दांडे किंवा दोर) सैल पडणं या गोष्टी सरळ रेषेत वाढत नाहीत. कामाच्या भारावर चारही कोपरे रुळावर असतात, म्हणून अलाउएबल स्ट्रेसचा रिपोर्ट हिरवागार दिसतो. खोदण्याचा जोर दीडपट करून मॉडेल पुन्हा चालवा. कोपरा उचलला गेला तर पोर्टलमधले (खालच्या चौकटीतले) ताण एकदम दुसरीकडे जातात. लिमिट स्टेटचा मला खरा फायदा इथे दिसतो, पोलाद वाचवण्यात नाही.

फटीगवर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने पोलाद थकणं) या वादाने काही फरक पडणार नाही, ते दोन्हीकडे न वाढवलेल्या भारावरच होतं. बूमचे जोड बहुतेक वेळा तेच ठरवतं, म्हणून ०.८४ आणि ०.७९ वर जीव काढू नका.

धागाकर्ता

दोघांचे आभार. दीडपट जोराची रन आत्ताच घेतली: मागची डावी बोगी उचलली जातेय, आणि मूळ रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेखही नाही. जॅकवर यंत्र उचलून वजन घेतल्याची काही नोंद आहे का, म्हणून विचारणा केली आहे. मिळाली तर बूमचा खरा आकडा इथेच टाकतो.